मसाई पठार आणि दाजीपूर : तीस जणांची सहल जबाबदारीने कशी न्यावी?

प्रश्न : रंकाळाकाठ

नमस्कार. रंकाळ्याभोवती रोज सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या गटात सुमारे तीस माणसे आहेत. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, गृहिणी आहेत आणि सहल म्हटली की सोबत येणारी नातवंडेही आहेत. येत्या सप्टेंबरमध्ये मसाई पठारावर फुले पाहायला जावे आणि पावसाळा संपून अभयारण्य उघडले की दाजीपूरला जावे, असे दोन बेत ठरत आहेत व दोन्हींची आखणी माझ्याकडे सोपवण्यात आली आहे.

गटात मांडली गेलेली पहिली योजना अशी, की रविवारी सकाळी एक मोठी बस करावी, ती पठारावर जेथपर्यंत जाईल तेथपर्यंत न्यावी, कोल्हापुरातून बांधून घेतलेले जेवण फुलांमध्ये बसून करावे, थोडी गाणी लावावीत आणि संध्याकाळी परतावे. यात कोणाचाही हेतू वाईट नाही. तरीही पठारावर गाड्यांच्या चाकांनी उमटलेल्या चाकोऱ्या, त्यांत साचलेले गढूळ पाणी आणि गवतात पडलेल्या बाटल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही योजना जशीच्या तशी मान्य करणे जड जाईल, आणि मलाही ते जड जात आहे. कचरा परत आणला की आपली जबाबदारी संपली, असे गटातील काहींचे म्हणणे आहे; परंतु जबाबदारीने प्रवास करणे एवढ्यावर भागत असेल असे मला वाटत नाही.

तीस माणसे एकदम न्यावीत की नाही? गाडी कोठे थांबवावी? जेवणाची सोय कशी केली म्हणजे गावाला दोन पैसे मिळतील आणि गावावर ताणही पडणार नाही? पठारावर चरणाऱ्या गुरांमुळे फुलांचे नुकसान होते असे काहींचे ठाम मत आहे, ते कितपत खरे? दाजीपूरला कोणती वेगळी काळजी घ्यावी लागते? आणि आमच्यासारख्यांनी अशा ठिकाणी न जाणेच अधिक योग्य, असे कोणाचे मत असेल तर तेही कारणांसह वाचायला आवडेल.

प्रतिसाद : जांभ्याचा सडा

नमस्कार. मी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो आणि आपल्या भागातील सड्यांवर विद्यार्थ्यांना घेऊन जात आलो आहे. आपण कचऱ्याच्या आधी पायांचा आणि चाकांचा विचार करावा, असे मी सुचवेन. कारण कचरा उचलता येतो, तुडवलेला सडा मात्र पूर्ववत करता येत नाही.

मसाई पठार हा जांभ्या दगडाचा सडा आहे. दीर्घ काळाच्या पावसाने बेसाल्टमधील विरघळणारी द्रव्ये वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले व त्यातून हे कठीण, सच्छिद्र, तांबूस कवच तयार झाले. त्यावर माती अशी फारशी नसतेच. खोलगट जागी चार बोटे आणि इतरत्र नखभर थर असतो, आणि त्या थरातही पोषक द्रव्ये इतकी अपुरी असतात की सीतेची आसवं किंवा दवबिंदू यांसारख्या वनस्पती नायट्रोजनची उणीव बारीक जीव पकडून भरून काढतात. सड्यावरच्या कितीतरी वनस्पती एकाच पावसाळ्यात जगून घेणाऱ्या आहेत: पहिल्या पावसात रुजायचे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलायचे आणि ऑक्टोबरमध्ये बी टाकून वाळून जायचे. म्हणजे आपण जेव्हा पाहायला जातो, नेमका तोच त्यांचा बी धरण्याचा काळ असतो, आणि त्या दिवसांत तुडवल्या गेलेल्या रोपाबरोबर पुढच्या वर्षीचे रोपही जाते.

गाडीविषयी माझे मत स्पष्ट आहे. पठारावर चाक चढूच नये. चाकाखाली तो पातळ थर दाबला जातो, चाकोरीतून पाण्याला नवी वाट मिळते आणि ज्या उथळ डबक्यांत बेडकांची पिल्ले वाढत असतात ती डबकी वेळेआधी रिकामी होतात. चिखलात अडकलेली गाडी बाहेर काढण्यासाठी आजूबाजूचे दगड उपटून चाकाखाली टाकतात, तेव्हा नुकसान आणखी वाढते. या सुट्या दगडांखाली पाली, विंचू, फुरसे आणि गांडुळासारखे दिसणारे देवगांडूळ नावाचे उभयचर राहतात. त्यामुळे हौसेने दगडावर दगड रचून मनोरे उभारणे हेही निरुपद्रवी काम नाही. प्रत्येक उचललेल्या दगडाबरोबर कोणाचे तरी छप्पर जाते, आणि फुरशामुळे उचलणाऱ्याच्या हाताला असलेला धोका वेगळाच.

चालताना मळलेल्या वाटेने, एकामागून एक चालावे. बसायचे असेल तेव्हा उघड्या कातळावर बसावे, फुलांच्या गालिच्यावर नव्हे. फुलांत आडवे होऊन छायाचित्र काढण्याची जी पद्धत पडली आहे, तिला आपल्या गटात तरी ठाम नकार द्यावा. निघण्यापूर्वी घरीच बूट धुऊन घ्यावेत, कारण तळाच्या मातीतून गाजरगवत व रानमोडी यांसारख्या उपऱ्या वनस्पतींचे बी वर पोहोचते. कंदीलपुष्पासारखी एखादी दुर्मीळ वनस्पती दिसली तर तिचे छायाचित्र अवश्य घ्यावे, परंतु नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर देऊ नये. या वनस्पतींचे कंद खणून नेले जातात आणि एका नेमक्या खुणेवर पन्नास माणसे येऊन उभी राहिली की खणण्याचीही गरज उरत नाही.

गुरांविषयी गटात जे मत आहे त्याच्याशी मी सहमत नाही. या पठारांवर कैक पिढ्यांपासून गुरे चरत आली आहेत. गुरांनी गवत खाल्ल्यामुळे ते उंच वाढून लहान फुलझाडांना झाकत नाही, असेही घडते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर कुंपण घातल्यानंतर चराई थांबली आणि तिचा फुलांवर काय परिणाम झाला, यावर अभ्यासकांमध्ये बरीच चर्चा झालेली आहे. अति चराई घातक असते हे खरे, परंतु वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याने बारमाही राखणदाराच्या गुरांकडे बोट दाखवावे, हे मला न्याय्य वाटत नाही.

संख्येविषयी एवढेच सांगतो, की तीस माणसे कधीही एका रांगेत चालत नाहीत, ती पसरतात. पंधरा-पंधराचे दोन गट करावेत आणि ते वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो रविवार टाळून न्यावेत. मसाई पठार संवर्धन राखीव म्हणून घोषित झालेले आहे, त्यामुळे जाण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात त्या हंगामातील नियम विचारून घ्यावेत.

प्रतिसाद : बांधावरून

रंकाळाकाठ आणि सर, दोघांनाही नमस्कार. आमचे गाव पठाराच्या पायथ्याला आहे. सरांनी सड्याविषयी जे लिहिले आहे त्यात भर घालण्याइतके माझे शिक्षण नाही, परंतु वर जाणारी प्रत्येक गाडी आमच्या दारावरून जाते, म्हणून गावाच्या बाजूने लिहितो.

जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर मोठ्या संख्येने लोक चालतात. बाजीप्रभूंची आणि बांदलांची आठवण ठेवून चालणाऱ्यांचा आम्हाला अभिमानच आहे, आणि म्हाळुंगे, कुंभारवाडी, खोतवाडी या बाजूची माणसे त्यांना पाणी, चहा, निवारा देण्यात कधी मागे राहत नाहीत. मात्र जुलै म्हणजे आमच्या भाताच्या रोपलावणीचे दिवस. वाटेवर चिखल लागला की माणसे शेजारच्या वाफ्याच्या बांधावर चढतात. ओला बांध शंभर पायांखाली टिकत नाही, तो फुटला की वाफ्यातले पाणी जाते आणि लावलेले रोप उघडे पडते. तुम्ही सप्टेंबरमध्ये याल तेव्हा भात पोटरीला किंवा निसवायला आलेले असेल. त्या वेळी पिकात शिरणे तर दूरच, छायाचित्रासाठी हात लावणेही टाळावे.

मोठी बस आमच्या रस्त्याला झेपत नाही. सकाळी आणि संध्याकाळी संस्थेत दूध घालण्याची वेळ असते, दुधाची गाडी आणि एसटी याच एका रस्त्याने येतात, आणि वळणावर एखादी बस उभी राहिली की पुढची सगळी कामे अडतात. कोल्हापूरहून पन्हाळ्यापर्यंत एसटीने यावे आणि तेथून वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून चालणाऱ्या खासगी, गाड्या ठरवाव्यात. चालक याच भागातले असतात, त्यांना रस्ता आणि थांबण्याची जागा माहीत असते आणि भाड्याचे पैसे येथेच राहतात. गाडी गावात सोडून वर चालत जावे.

जेवणाचे म्हणाल तर कोल्हापुरातून बांधून आणू नका. चार दिवस आधी सांगितले तर गावातल्या बचत गटाच्या बायका नाचणीची भाकरी, पिठले, आमटी-भात, खर्डा आणि दही असे जेवण आनंदाने करतील. ताटे-वाट्या गावाच्या मालकीच्या असतात, धुऊन परत ठेवता येतात, त्यामुळे द्रोण-पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या हा प्रश्नच उरत नाही. दर जो सांगितला जाईल तो द्यावा. शहरात एका मिसळीला जे पैसे आपण न बोलता मोजतो, तेवढ्यासाठी चुलीपुढे बसलेल्या बाईशी घासाघीस करू नये. पैसे कोणा मध्यस्थाकडे न देता ज्यांनी स्वयंपाक केला त्यांच्याच हाती द्यावेत.

सरांच्या एका सूचनेबाबत मात्र माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. रविवार टाळा हे ठीक, पण कोणताही आडवार आम्हाला सोयीचा असतो असे नाही. भांगलण, म्हणजे पिकातले तण काढणे, चालू असेल तर बायका दिवसभर शेतात असतात. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी घरी कोणी नसते. तेव्हा दिवस तुम्ही ठरवून आम्हाला कळवू नका, आधी विचारा आणि मग ठरवा. फोनवरून पाच मिनिटांचे काम आहे. स्वच्छतागृहाची सोय कोणाकडे होईल हेही तेव्हाच विचारून ठेवावे, कारण सोबत वयस्कर मंडळी आणि महिला आहेत.

आणखी दोन गोष्टी मनापासून सांगतो. गावातल्या मुलांना चॉकलेटे आणि पैसे वाटू नका. मुले गाडी दिसली की शाळेच्या रस्त्यावरून पळत येतात आणि हात पसरतात, हे आम्हाला बघवत नाही. शाळेला काही द्यायचे असेल तर शिक्षकांना विचारून द्यावे. आणि येणाऱ्यांपैकी कोणी तरी हमखास विचारतो, की येथे गुंठा-दोन गुंठे जागा मिळेल का. पाहुणे म्हणून या, आनंद आहे; पण पठाराच्या कडेची जमीन विकली गेली की तिला तारेचे कुंपण पडते, गुरांची वाट बंद होते आणि झऱ्यावर मोटर बसते.

प्रतिसाद : महाद्वार

मी अंबाबाईच्या देवळाजवळच्या पेठेत राहतो. जोडून सुट्ट्या आल्या की आमच्या बोळांची काय अवस्था होते हे आम्ही नेहमीच अनुभवतो. त्या दिवसांत घरातल्या आजारी माणसाला रिक्षात घालून बाहेर काढायचे तरी रस्ता मोकळा होण्याची वाट पाहावी लागते. बाहेरगावच्या गाड्यांविषयी आपण कोल्हापूरकर जी तक्रार करतो, तीच तक्रार पठाराखालच्या गावाने आपल्याविषयी करावी अशी वेळ आपण आणू नये.

म्हणूनच मूळ प्रश्नातील शेवटच्या शंकेवर माझे उत्तर असे आहे, की फुलांचा बहर ऐन भरात असताना न जाणेच योग्य. कितीही काळजी घेतली तरी तीस माणसे तीस मोबाइल घेऊन जातात, त्यांची छायाचित्रे पाहून आणखी गट निघतात आणि त्यांच्यापैकी प्रत्येकजण वर दिलेले नियम पाळेलच असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पाहण्यासारखे काय कमी आहे? खिद्रापूरच्या कोपेश्वराचे कोरीव काम तास-दोन तास पाहत बसावे असे आहे आणि तेथे आपल्या पायांखाली काही चिरडत नाही. कापशीसारख्या ज्या गावांची नावे चपलांच्या प्रकारांना मिळाली, त्या गावांत जाऊन चामडे कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंतचे काम पाहता येते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु कारागिराच्या हाती त्यातले किती पडते हे त्याच्या दारात बसूनच समजते, आणि तेथे घेतलेल्या जोडाचे पूर्ण पैसे त्याला मिळतात.

प्रतिसाद : बांधावरून

महाद्वार, आपला मुद्दा मी समजतो, आणि गर्दीचा त्रास आम्हालाही आहे. तरीही ज्यांना काळजी आहे त्यांनी येणे थांबवले, तर उरतील ते ध्वनिक्षेपक आणि दारूच्या बाटल्या घेऊन येणारे. ते काही हा विचार करून थांबणार नाहीत. विचारून येणारी, जेवणाचे पैसे देणारी, चालत वर जाणारी माणसे आली तर गावातल्या तरुणांना असे वाटू लागते, की पठार आहे तसे राहण्यातच आपला फायदा आहे. पुढे ग्रामसभेत कोणी रस्ता थेट वर नेण्याचा किंवा दगड काढण्याचा विषय आणला, तर विरोधासाठी हात वर करणारी हीच मुले असतात.

प्रतिसाद : रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सर आणि बांधावरूनचे दादा यांच्या सूचनांवरून गटात चर्चा झाली. मोठी बस रद्द केली आहे. दोन तुकड्या होतील आणि दिवस गावाला विचारूनच ठरेल. खिद्रापूरची सूचना काही ज्येष्ठांना अधिक आवडली आहे. ज्यांना चढण झेपणार नाही त्यांच्यासाठी ती सहल वेगळी काढू.

पन्हाळ्यावर एसटी बदलायची असल्याने दोन-तीन तास गडावर फिरता येईल. तेथे काही विशेष काळजी घ्यावी का? आणि दाजीपूरविषयी अद्याप कोणी लिहिलेले नाही. तेथे एक रात्र मुक्काम करण्याचा विचार आहे.

प्रतिसाद : महाद्वार

पन्हाळ्याचे थोडक्यात सांगतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून स्थान दिले, त्यांत पन्हाळा आहे, त्यामुळे गर्दी वाढण्याचीच शक्यता आहे. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जा कोठी यांच्या भिंतींवर लोकांनी नावे कोरून ठेवलेली दिसतील. नातवंडांना ती दाखवून हे का करायचे नसते ते तेथेच सांगावे. संरक्षित स्मारकावर असे करणे कायद्याने गुन्हा आहेच. गडावर माणसे राहतात, ते जिवंत गाव आहे, म्हणून घरांच्या अंगणात शिरून छायाचित्रे घेऊ नयेत. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ता खचला होता आणि वाहतूक बंद ठेवावी लागली होती. डोंगराला गाड्यांचा भार किती सोसावा याची ती सूचनाच होती. एसटीने जाण्याचा आपला निर्णय त्या दृष्टीनेही चांगला आहे.

प्रतिसाद : गव्यांच्या वाटेवर

नमस्कार. राधानगरी-दाजीपूर भागात पर्यटकांना जंगल दाखवण्याचे काम मी करतो. आपण आधी विचारले याचे समाधान वाटले, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न "गवा नक्की दिसेल ना?" एवढेच असतात.

दाजीपूरचे जंगल पूर्वी करवीर संस्थानचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले, १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. महाराष्ट्रात कास, कोयना आणि चांदोली यांच्या जोडीने हे चौथे. कोल्हापूरकरांसाठी मात्र याहून जवळची गोष्ट अशी, की या जंगलाचे पाणी एका बाजूला शाहू महाराजांनी उभारायला घेतलेल्या राधानगरीच्या धरणात आणि दुसऱ्या बाजूला काळम्मावाडीच्या धरणात उतरते, आणि २०२३ च्या अखेरीपासून थेट पाइपलाइनने शहरात येणारे पाणी काळम्मावाडीचेच आहे. दाजीपूरच्या ओढ्यात टाकलेली शाम्पूची पुडी आपण आपल्याच पाण्याच्या उगमाशी टाकत असतो.

पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते. उघडल्यानंतर प्रवेशद्वारावर शुल्क भरून, स्थानिक वाहन आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच आत जावे. "आमची गाडी चारचाकी आहे, ती नेऊ द्या" असा आग्रह धरू नये. स्थानिक चालकाला कोठे थांबायचे, कोठे इंजिन बंद करायचे आणि कोठून मागे फिरायचे हे ठाऊक असते. शिवाय धरणांनी आणि जंगलाने ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांच्या मुलांना या जंगलातून मिळणारे हे मोजके उत्पन्न आहे.

आता गव्याविषयी. पूर्ण वाढलेला नर हजार किलोंच्या आसपास भरू शकतो, आणि तो शांतपणे उभा असला म्हणजे तो आपल्याला मान्य करून उभा आहे असे नसते. कळप मान वर करून एकटक पाहू लागला, फुरफुरला किंवा पाय आपटू लागला, की आपण जास्त जवळ आलो आहोत असे समजून मागे व्हावे. एकटा फिरणारा नर दिसला तर अधिकच अंतर ठेवावे आणि गाडीतून उतरू नये. २०२१ च्या डिसेंबरमध्ये गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते, तेव्हा बघ्यांच्या गर्दीने आणि आरडाओरड्याने प्राणी बिथरला की काय होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

माझी खरी विनंती चालकांच्या वतीने आहे. गवा दिसला तर बक्षीस आणि न दिसला तर नाराजी, अशी वागणूक पर्यटकांकडून मिळू लागली की चालक नाइलाजाने गाडी जवळ नेतो, पाठलाग करतो, कळपाची वाट अडवतो. आपण निघतानाच त्याला सांगावे, की काहीही दिसले नाही तरी चालेल आणि बक्षीस ठरलेलेच आहे. मग तो निवांतपणे शेकरूचे घरटे दाखवतो, अस्वलाने ओरबाडलेले झाड दाखवतो, सड्याच्या कडेला थांबून दरीतले ढग वर येताना पाहू देतो. नातवंडांना याचा आनंद गव्याइतकाच होतो, असा माझा अनुभव आहे.

कपडे मळकट रंगांचे असावेत, अत्तर लावू नये. आग्या मोहोळ असलेल्या भागात वास, धूर आणि आवाज या तिन्हींचा धोका असतो. आत खाण्याचे पदार्थ नेऊ नयेत. उरलेला भात किंवा केळ्याची साल "कुजून जाईल" म्हणून टाकली जाते, परंतु त्या अन्नावर माकडे आणि गावची कुत्री जंगलात ओढली जातात, आणि कुत्र्यांची टोळी एकदा आत फिरू लागली की ससे व भेकरांची पिल्ले वाचत नाहीत. थर्माकोलची ताटे आणि प्लास्टिकच्या पिशव्या २०१८ पासून राज्यातच बंद आहेत. तरीही प्रवेशद्वारावर पिशव्या तपासल्या गेल्या तर त्याचा राग मानू नये. आमच्या वाड्यांवर कचरा नेणारी गाडी येत नाही, येथे टाकलेला कचरा खड्ड्यात जाळला जातो. म्हणून आपला सगळा कचरा गाठोडे करून कोल्हापूरला न्यावा आणि तेथे महापालिकेच्या टिपरमध्ये घालावा.

मुक्कामासाठी मोठ्या रिसॉर्टपेक्षा गावातली घरगुती निवासाची सोय पाहावी आणि एकाच घरावर भार न टाकता तीन-चार घरांत वाटून राहावे. तीस माणसांच्या सकाळच्या आंघोळीला बंब पेटवला की त्याला लागणारे सरपण याच जंगलातून येते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. थंडी असली तरी एका दिवसासाठी हातपाय-तोंड धुण्यावर भागवता आले तर घरच्या बाईची लाकडाची एक खेप वाचेल. रात्री शेकोटी, फटाके, गाणी नकोत आणि प्राणी शोधायला विजेरीचे झोत टाकत फिरणेही नको.

गटातील काहींना मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहायला यायचे असेल तर तेव्हा ही काळजी दुप्पट घ्यावी. काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेला संकेत असतो आणि प्रौढ काजव्याचे आयुष्य फार थोडे असते. गाडीचे दिवे, मोबाइलची विजेरी आणि कॅमेऱ्याचा लखलखाट यांत तो संकेत हरवतो. कित्येकदा मादी गवतात किंवा झाडाच्या बुंध्याशी बसलेली असते, त्यामुळे उजळलेल्या झाडाखाली जाऊन उभे राहणे म्हणजे तिलाच तुडवणे होय. दुरून, अंधारात, दहा-पंधरा मिनिटे गप्प उभे राहिले की डोळे सरावतात आणि सगळे झाड दिसू लागते.

प्रतिसाद : रंकाळाकाठ

इतके तपशीलवार मार्गदर्शन मिळेल अशी अपेक्षा नव्हती. बंबाच्या सरपणाचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता. तो मुद्दा वाचून दाखवल्यावर गटातील महिलांनी लगेच मान्य केला. चालकाचे बक्षीस आधीच वर्गणीत धरले आहे.

एक शेवटची शंका. सप्टेंबरमध्ये आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला आणि पठाराची वाट चिखलाने भरली असेल, तर काय करावे? वयस्कर मंडळी घसरू नयेत म्हणून कडेच्या गवतातून चालावे लागेल असे वाटते.

प्रतिसाद : जांभ्याचा सडा

कडेच्या गवतातून चालू नका. एक गट कडेने गेला की दुसरी वाट पडते, ती चिखलाची झाली की तिसरी पडते, आणि हंगाम संपेपर्यंत एका पाऊलवाटेची बैलगाडीएवढी रुंद पट्टी झालेली असते. चांगल्या पकडीचे बूट आणि प्रत्येकाच्या हाती काठी असू द्या, आणि चिखलातूनच, वाटेच्या मधून चाला. ज्यांना घसरण्याची भीती वाटते त्यांनी पठाराच्या तोंडाशी कातळावर बसावे; तेथेही तेरडा, सोनकी आणि गेंद यांची दाटी असते आणि भिंग सोबत असेल तर बसल्या जागी तासभर पाहण्याइतके मिळते. पाऊस थांबलाच नसेल तर गावाला फोन करून दिवस पुढे ढकलावा, मात्र जेवण सांगितलेले असेल तर त्याचे पैसे त्याच दिवशी पोहोचते करावेत.